ठिपक्यांच्या डोळ्यांच्या माश्या: ठाणे-नवी मुंबईत एरिस्टालिनी गटातील सिरफिड माश्या ओळखण्याची पद्धत

तुळशीच्या मंजिरीवर सकाळच्या उन्हात बसलेला, काळ्या-पिवळ्या रंगाचा जो कीटक आपण सातेरी मधमाशी समजून सोडून देतो, त्याच्या डोळ्यांकडे एकदा भिंगातून पाहावे. पिवळट-करड्या डोळ्यांवर तपकिरी ठिपक्यांची दाट नक्षी दिसली, तर ती मधमाशी नव्हे. ती एरिस्टालिनस प्रजातीतली माशी आहे. तिला नांगी नाही, ती मध साठवत नाही आणि तिचे बालपण एखाद्या सडक्या पाण्याच्या डबक्यात गेलेले असते. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात या माश्या आणि त्यांचे जवळचे नातेवाईक, म्हणजे एकूण एरिस्टालिनी गट, इतक्या सहज भेटतात की, सिरफिड माश्यांच्या वर्गीकरणाची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात यांच्यापासूनच करावी असे मला वाटते.

या माश्यांना इंग्रजीत हॉवरफ्लाय म्हणतात, कारण त्या हवेत एका जागी स्थिर राहून उडू शकतात. मराठीत सर्वमान्य नाव अजून रुळलेले नाही. पिकांवरचा मावा खाणाऱ्या मित्रकीटकांमध्ये कृषी विभागाचे लोक आणि शेतकरी 'सिरफिड माशी' असे नाव घेतात, म्हणून मीही तेच वापरले आहे. लातरेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये मांडलेल्या सिरफिडी या कुलात आज जगभरातल्या सहा हजारांहून अधिक जाती मोडतात. वर्गीकरणाची उतरंड मराठीत अशी सांगता येईल: द्विपंखी कीटकांचा गण, त्यात सिरफिडी कुल, कुलात उपकुले, उपकुलात गट, गटात प्रजाती (जीनस) आणि प्रजातीत जाती (स्पीशीज). ओळख पटवताना याच उतरंडीने एकेक पायरी खाली उतरायचे असते. पहिल्या नजरेत रंग पाहून थेट जातीच्या नावावर उडी मारली की चूक होते, आणि ती चूक पुढे छायाचित्रांच्या मथळ्यांतून पसरत राहते.

नवी मुंबईतल्या एका धारण तलावाच्या (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणाऱ्या तळ्याच्या) बांधावर एकदांडीच्या फुलांवर टिपलेल्या एका माशीला मी असेच छातीवरचे उभे पट्टे पाहून एरिस्टालिनसमध्ये टाकले होते. पुढे कधीतरी तोच फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा डोळ्यांवर एकही ठिपका नव्हता आणि पंखाच्या कडेचा खण (शिरांनी वेढलेला भाग) बंद नसून सताड उघडा होता. ती मेसेम्ब्रिअस या दुसऱ्याच प्रजातीतली निघाली. छातीवरचे पट्टे दोघींनाही असतात. तेव्हापासून मी क्रम ठरवून घेतला: आधी पंख, मग डोळे, मग पाय आणि अगदी शेवटी रंग. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने आहे.

कुठे, कधी आणि काय घेऊन जावे

एरिस्टालिनी गटाच्या अळ्या सेंद्रिय पदार्थ कुजत असलेल्या साचलेल्या पाण्यात वाढतात. म्हणून प्रौढ माश्या शोधण्यासाठी असे पाणी आणि त्याच्या जवळची फुले, ही जोडी डोळ्यांपुढे ठेवावी. नवी मुंबईतले धारण तलाव आणि त्यांच्या बांधांवरचे रानगवत, पाम बीच रस्त्यालगतच्या खारफुटीची कडा, ठाण्यातल्या उपवन तलावाचा काठ आणि येऊरच्या पायथ्याचे ओढे ही माझ्या मते सर्वांत सोयीची ठिकाणे आहेत. तिवराला मोहर येतो तेव्हा खाडीकाठी वेगळे शोधावे लागतच नाही. झाडाखाली शांत उभे राहिले तरी फुलांच्या बारक्या झुबक्यांवर या माश्या फिरताना दिसतात. आंब्याच्या मोहरावरही त्या येतात, आणि आंब्याच्या परागीभवनात मधमाश्यांपेक्षा माश्यांचा वाटा मोठा असू शकतो हे बागायतदारांनी लक्षात घेण्यासारखे आहे. डोंगरउतारावर पावसाळ्याच्या अखेरीस सोनकी फुलते, तेव्हाही पिवळ्या चकत्यांवर या बसलेल्या असतात. घरच्या घरी पाहायचे असेल, तर कुंडीतली कोथिंबीर किंवा बडीशेप फुलायला सोडावी. उथळ आणि उघडी फुले या माश्यांना फार आवडतात, कारण त्यांची सोंड आखूड असते.

वेळ सकाळी सात ते दहाची उत्तम. ऊन चढले की माश्या इतक्या चपळ होतात की कॅमेरा रोखेपर्यंत जागा बदलतात. ढगाळ सकाळी, किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडते तेव्हा त्या पानांवर पंख अर्धवट पसरून शेकत बसतात. पंखांवरच्या शिरा स्पष्ट टिपण्यासाठी याहून चांगली संधी मिळत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स किंवा साधा कॅमेरा, पारदर्शक झाकणाच्या दोन-तीन डब्या आणि वही एवढे पुरते. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टाही २०१५ पासून संरक्षित आहे. अशा ठिकाणी कीटकसुद्धा परवानगीशिवाय पकडता येत नाहीत. तिथे फक्त फोटो काढावेत. डबीत घेऊन पाहण्याचा प्रयोग आपल्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत करावा.

प्रत्येक माशीचे किमान तीन फोटो हवेत: वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा. पहिला फोटो लांबूनच काढून ठेवावा, म्हणजे ती उडाली तरी काहीतरी हाती राहते. मग हळूहळू जवळ जावे, आपली सावली तिच्यावर पडू देऊ नये, आणि पंखाचा पृष्ठभाग कॅमेऱ्याला समांतर येईल असा कोन शोधावा. पंख धूसर आलेला सुंदर फोटो ओळखीसाठी निरुपयोगी असतो. पंखाच्या शिरा स्पष्ट दिसणारा साधा फोटो त्याहून शंभरपट मोलाचा.

आधी ती सिरफिड आहे का, हे ठरवावे

मधमाशी, गांधीलमाशी आणि कुंभारीण यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच जोडी असते, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी मुद्गलाच्या आकाराचे दोन बारीक अवयव असतात, जे उडताना तोल सांभाळतात. बसलेल्या कीटकाचे पंख मोजणे अवघड असते, त्यामुळे प्रत्यक्षात मिशांकडे म्हणजे शृंगिकांकडे पाहणे सोपे जाते. मधमाशीच्या शृंगिका लांब आणि कोपरात मोडल्यासारख्या असतात. एरिस्टालिनी माश्यांच्या मात्र आखूड, खुज्या आणि तीन खंडांच्या असतात, आणि शेवटच्या फुगीर खंडावर एक बारीक केस उभा असतो. शिवाय माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात.

माशी आहे हे ठरल्यावर ती सिरफिड आहे का, याचे उत्तर पंख देतो. सिरफिड माशीच्या पंखाच्या मध्यभागी, दोन खऱ्या शिरांच्या मधोमध एक खोटी शीर लांबीने धावते. ती खऱ्या शिरेसारखी नळीदार नसते. पंखाच्या पडद्यावर पडलेल्या घट्ट सुरकुतीसारखी ती दिसते, आणि तिची दोन्ही टोके कुठल्याही शिरेला न जोडता विरून जातात. या कुलाची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. दुसरी खूण पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे पाहावी. तिथे दोन खणांना बाहेरून बंद करणाऱ्या शिरा पंखाच्या कडेला समांतर वळतात, त्यामुळे कडेच्या आत जणू आणखी एक कड आखली आहे असे वाटते. साडीच्या काठाच्या आत एक बारीक रेघ विणलेली असते, तशी ही आतली कड दिसते.

आपल्या भागात फसवणारे कीटक कमी नाहीत, आणि त्यांतले दोन नीट ओळखून ठेवावेत. पहिली स्टोमोऱ्हायना ही फुलांवर येणारी छोटी माशी. तिच्या डोळ्यांवर आडवे पट्टे असतात, त्यामुळे नवखा निरीक्षक तिला हमखास नक्षीदार डोळ्यांची सिरफिड समजतो. पण तिच्या पंखात खोटी शीर नसते आणि अंगावर राठ, टोचरे केस असतात. सिरफिड माश्यांच्या अंगावरचे केस बहुधा मऊ लवीसारखे असतात. दुसरी सोल्जर फ्लाय म्हणजे सैनिक माशी. कंपोस्टच्या ढिगाऱ्यावर ही नेहमी दिसते. हिच्या पंखाच्या शिरा पुढच्या कडेला दाटीने गोळा झालेल्या असतात आणि मधला खण अगदी छोटा असतो. केवळ हवेत स्थिर उडते म्हणून कुठल्याही माशीला सिरफिड म्हणू नये. मधमाशीसारखी दिसणारी, लांब सोंडेची बॉम्बिलिडी कुलातली माशीही तशीच तरंगते.

उपकुलांची विभागणी

सिरफिडी कुलाची पारंपरिक विभागणी तीन उपकुलांत होते: सिरफिनी, एरिस्टालिनी आणि मायक्रोडॉन्टिनी. अलीकडे पिपिझा आणि तिच्या नातेवाइकांचे चौथे उपकुल वेगळे मानणारे अभ्यासकही आहेत. इथे एक घोटाळा होऊ शकतो, तो आधीच टाळलेला बरा. 'एरिस्टालिनी' हे नाव उपकुलालाही आहे आणि त्या उपकुलातल्या एका लहान गटालाही आहे. लॅटिनमध्ये दोघांचे शेवटचे अक्षर वेगळे असते, पण देवनागरीत ते सारखेच लिहिले जाते. यापुढे मी उपकुलासाठी 'एरिस्टालिनी उपकुल' आणि आपल्या विषयासाठी 'एरिस्टालिनी गट' असेच लिहिणार आहे.

सिरफिनी आणि एरिस्टालिनी ही उपकुले वेगळी करण्याची शास्त्रीय खूण खांद्यावर असते. छातीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर जे छोटे उंचवटे असतात, ते सिरफिनी उपकुलात बिनकेसाचे असतात आणि मागून खोलगट असलेले डोके त्यांना इतके चिकटून बसते की ते अर्धे झाकले जातात. एरिस्टालिनी उपकुलात त्यांवर केस असतात आणि ते उघडे दिसतात. मोबाइलच्या फोटोत हे दिसेलच असे नाही, म्हणून डबीत घेतलेल्या माशीवर भिंगाने पाहावे. डबी फ्रिजमध्ये पाच-सात मिनिटे ठेवली की माशी सुस्त होते, तेवढ्यात निरीक्षण उरकावे, आणि नंतर तिला उन्हात पानावर सोडून द्यावे. ती थोड्याच वेळात पंख थरथरवत अंग गरम करते आणि उडून जाते. नरांमध्ये आणखी एक फरक सापडतो. सिरफिनी नराच्या पोटाची वरून पाच वलये दिसतात, तर एरिस्टालिनी उपकुलातल्या नराची चारच.

सिरफिनी उपकुलाच्या बहुतेक अळ्या मावा खातात. इस्कियोडॉन स्क्युटेलॅरिस ही आपल्या भाजीच्या मळ्यांत सहज सापडणारी माशी याच उपकुलातली. हिच्या नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी दातासारखा एक काटा असतो आणि प्रजातीचे नावही त्यावरूनच पडले आहे. पोटावरच्या वलयांवर काळ्या पट्ट्यांची जोडी मिरवणारा एपिसिरफस, पंखाच्या मधोमध काळपट आडवा पट्टा असलेली डिडिऑप्सिस एग्रोटा आणि चपट्या-रुंद पोटाची असार्किना या तिघीही याच घरच्या. मायक्रोडॉन्टिनी उपकुलाच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात राहतात आणि गोगलगाईसारख्या इतक्या चपट्या असतात की एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन मृदुकाय प्राणी म्हणून झाले होते. या दोन्ही उपकुलांवर स्वतंत्र लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, पण आपला विषय डबक्यातून जन्मणाऱ्या माश्यांचा आहे.

एरिस्टालिनी गटाची खूण: पंखावरची दरी

आता फोटोतला पंख पुन्हा मोठा करावा. खोट्या शिरेच्या लगेच वर, पंखाच्या टोकाकडे जाणारी जी लांब शीर आहे, ती एरिस्टालिनी गटात सरळ जात नाही. अर्ध्याहून थोडे पुढे गेल्यावर ती एकदम खाली बुडते आणि पुन्हा वर येते, जशी सपाट माळावरून चालणारी वाट मध्येच ओढ्यात उतरून पलीकडे चढावी. शास्त्रज्ञ या शिरेला आर चार-अधिक-पाच म्हणतात. ही दरी इतकी ठळक असते की एकदा नजरेत बसली की पुढे भिंगाचीही गरज लागत नाही. सिरफिनी उपकुलात ही शीर बहुधा सरळ किंवा किंचित वाकलेली असते. डिडिऑप्सिससारख्या काही प्रजातींत थोडा उतार दिसतो, पण त्याला दरी म्हणता येणार नाही.

तरीही शंका उरली, तर पंखाच्या मध्यावरची छोटी आडवी शीर पाहावी, जी या वाकड्या शिरेला खालच्या शिरेशी जोडते. सिरफिनी उपकुलात ती खालच्या मधल्या खणाच्या मुळाकडे असते. एरिस्टालिनी गटात ती त्या खणाच्या मध्यावर किंवा त्याच्याही पुढे सरकलेली आणि तिरकी असते. दरी आणि पुढे सरकलेली आडवी शीर, या दोन्ही खुणा एकत्र मिळाल्या की गट निश्चित झाला असे मानायला हरकत नाही.

इथपर्यंत पोचलेल्या वाचकाने रंगाचा एकदाही विचार केलेला नाही, हे लक्षात घ्यावे. याला कारण आहे. सिरफिड माश्यांचा रंग कोषावस्थेतल्या तापमानानुसार बदलतो. थंडीत वाढलेली माशी काळपट निघते, उन्हाळ्यात वाढलेली पिवळी. एकाच जातीच्या डिसेंबरमधल्या आणि मे महिन्यातल्या माश्या शेजारी ठेवल्या, तर त्या दोन जाती वाटू शकतात. पंखाच्या शिरा मात्र ऋतूप्रमाणे बदलत नाहीत.

प्रजाती वेगळ्या करणे

गट ठरला की पंखाच्या पुढच्या कडेलगतचा लांबट खण पाहावा. दरीच्या शिरेच्या वर, पंखाच्या कडेशी हा खण असतो. त्याला खालून घेरणारी शीर आणि वरून घेरणारी शीर कडेच्या आधीच एकमेकींना मिळाल्या आणि तिथून एक आखूड देठ कडेपर्यंत गेला, तर खण बंद आहे. दोन्ही शिरा वेगवेगळ्या कडेला पोचल्या, तर खण उघडा आहे. या एका प्रश्नाने आपल्या भागातल्या प्रजातींचे दोन भाग पडतात.

खण उघडा असेल तर मेसेम्ब्रिअसची शक्यता सर्वाधिक. रोंदानी या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेल्या या प्रजातीचे डोळे बिनठिपक्यांचे आणि बिनकेसाचे असतात, आणि छातीवर फिकट उभे पट्टे असतात. नर असेल तर त्याच्या मागच्या मांडीकडे पाहावे. ती फुगीर असते आणि बहुतेक जातींत तिच्या खालच्या बाजूला केसाळ गड्डा असतो. मेसेम्ब्रिअस बेंगालेन्सिस आणि मेसेम्ब्रिअस क्वाड्रिव्हिटॅटस या दोन्ही जातींचे वर्णन वीडेमान यांनी १८१९ मध्ये केले. युरोपातल्या हेलोफिलसशी ही प्रजाती फार जुळते. पण हेलोफिलसच्या नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकत नाहीत, मेसेम्ब्रिअसचे टेकतात. युरोपातले चित्रसंग्रह घेऊन आपल्या माश्या ओळखायला बसणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

खण बंद असेल तर डोळ्यांकडे वळावे. डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे असतील तर ती एरिस्टालिनस. ही प्रजातीही रोंदानी यांचीच, १८४५ सालची. तिच्या डोळ्यांवर निदान वरच्या भागात तरी बारीक लव असते आणि शृंगिकेवरचा केस गुळगुळीत, म्हणजे पिसासारख्या फांद्या नसलेला असतो. ठिपके एकसारखे नसतात. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळतात, म्हणून ते मोजत बसू नये. एरिस्टॅलोडीस नावाच्या उपप्रजातीत ठिपक्यांऐवजी उभे गडद पट्टे असतात. एरिस्टालिनस टीनिऑप्स या जातीच्या नावाचा अर्थच पट्टेरी डोळ्यांची असा आहे.

डोळ्यांवर नक्षी नसेल आणि माशी धष्टपुष्ट, रुंद पोटाची, एखाद्या लहान भुंग्यासारखी दणकट वाटत असेल, तर फायटोमिया असण्याचा संभव आहे. फॅब्रिशियस यांनी १७८७ मध्ये वर्णन केलेली फायटोमिया एरान्स त्यांतली सर्वपरिचित जाती. हिचे डोळे बिनकेसाचे असतात, आणि उडण्याचा आवाजही एरिस्टालिनसपेक्षा जड येतो. चौथी शक्यता एरिस्टॅलिसची. जगभर पसरलेली एरिस्टॅलिस टेनॅक्स ही माशी हिमालयाच्या थंड पट्ट्यात सहज दिसते. तिच्या डोळ्यांवर गडद केसांचा उभा पट्टा असतो, पण रंगाचे ठिपके नसतात. इंटरनेटवर 'मधमाशीसारखी माशी' शोधली की पहिल्यांदा तिचेच फोटो येतात, आणि म्हणून खाडीकाठच्या ठिपकेदार डोळ्यांच्या माशीलाही लोक तेच नाव चिकटवून टाकतात. डोळ्यांवर ठिपके दिसत असतील, तर ते नाव लगेच खोडावे.

जातीपर्यंत जाणे

जातीच्या आधी नर की मादी हे ठरवावे, कारण काही जातींत दोघांच्या रंगात आणि डोळ्यांच्या ठेवणीत फरक असतो. माथ्यावर दोन्ही डोळे एकमेकांना भिडलेले असतील तर नर, आणि मध्ये कपाळाची पट्टी असेल तर मादी. बहुतेक जातींत हा नियम लागू पडतो.

एरिस्टालिनसमध्ये फोटोवरून मी खात्रीने नाव देऊ धजतो अशी जाती म्हणजे एरिस्टालिनस आर्व्होरम. काळ्या छातीवर पिवळसर उभे पट्टे, पोटाचा मोठा भाग नारिंगी-पिवळा आणि त्यावर काळ्या खुणा, डोळे ठळक ठिपकेदार. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि फोटो स्वच्छ असला, तर नाव लिहावे. एरिस्टालिनस क्विन्क्वेस्ट्रायटस म्हणजे पाच रेघांची, आणि एरिस्टालिनस मेगासेफॅलस म्हणजे मोठ्या डोक्याची. ही नावे सुबोध असली तरी त्यांवरून ओळख करायला जाऊ नये, कारण छातीवरच्या रेघा या प्रजातीत अनेक जातींना असतात आणि डोके तर सगळ्यांचेच मोठे असते. अशा वेळी पायांच्या नडग्यांचा रंग, पोट चकचकीत आहे की धुरकट, चेहऱ्यावरचा उंचवटा आणि त्याच्या मधली रेघ, यांची नोंद फोटोसोबत करून ठेवावी आणि नाव प्रजातीपर्यंतच लिहावे. काही जाती निश्चित करण्यासाठी नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि ते काम संग्रहालयातल्या तज्ज्ञांचे आहे. भारतीय सिरफिड माश्यांची सविस्तर वर्णने ब्रुनेटी यांनी १९२३ मध्ये छापली. आजही तीच चाळावी लागतात, पण त्यांतली बरीच नावे पुढे बदलली आहेत, म्हणून जुने नाव तसेच न उतरवता आजचे नाव तपासून घ्यावे.

अळीवरून ओळख

या गटाच्या बाबतीत अळी ही प्रौढ माशीइतकीच बोलकी असते. गच्चीवर बाग करणाऱ्या अनेकांनी ती पाहिलेली असते, फक्त तिचे नाव माहीत नसते. जीवामृताचा किंवा पालापाचोळा कुजवलेल्या पाण्याचा पिंप काही दिवस झाकण न लावता विसरला गेला, की त्यात करड्या-पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसतात, आणि प्रत्येकीला मागे उंदरासारखी लांब शेपटी असते. घरात घबराट होते, कोणी त्या डासांच्या म्हणते, कोणी जंत म्हणते आणि पिंप गटारात ओतला जातो. ती शेपटी म्हणजे श्वासनळी आहे. तिचे तीन भाग जुन्या दुर्बिणीसारखे एकमेकांत सरकतात. पाण्याची पातळी वाढली की अळी ती लांबवते आणि टोक पृष्ठभागावर ठेवून हवा घेते. ज्या पाण्यात प्राणवायू जवळपास उरलेलाच नाही तिथे ही अळी जगते, ती या नळीमुळेच. डासांच्या अळ्यांशी हिचा संबंध नाही, ती चावत नाही आणि कुजलेला पदार्थ खाऊन पाणी साफ करण्याचेच काम करते. पाणी घाण असते, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत एवढेच पथ्य.

अशी अळी सापडली तर तिची माशी होईपर्यंत वाट पाहावी, कारण पाळून मिळवलेली माशी ताजी, न झिजलेली असते आणि पंख स्पष्ट दिसतात. रुंद तोंडाच्या बरणीत त्याच पिंपातले चार बोटे पाणी आणि कुजलेली पाने घ्यावीत, त्यात तीन-चार अळ्या सोडाव्यात आणि ती बरणी एका मोठ्या डब्यात ठेवून भोवती कोरडी माती किंवा कोकोपीट पसरावे. बरणीच्या आतून बाहेर एक खडबडीत काडी तिरकी टेकवून ठेवायला विसरू नये. पूर्ण वाढलेली अळी कोषासाठी पाणी सोडून कोरड्यात येते, आणि चढायला वाट नसेल तर तिथेच मरते. डब्याला मलमलीचे कापड बांधावे आणि तो सावलीत ठेवावा. मातीत तपकिरी, टणक कोष दिसेल. त्यालाही सुकलेली शेपटी असते आणि पुढे दोन छोटी शिंगे असतात. आठवडा ते दीड आठवड्यात माशी बाहेर येते. ती सुरुवातीला फिकट आणि चुरगळलेल्या पंखांची असते, त्यामुळे लगेच फोटो काढून नाव ठरवू नये. पंख ताणले जाऊन रंग पक्का होईपर्यंत काही तास जाऊ द्यावेत, मग तीन फोटो काढून तिला सोडावे.

नोंद कशी ठेवावी

नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, फूल, जवळचे पाणी, नर की मादी, आणि कडेचा खण बंद की उघडा, एवढे तरी असावे. ठिकाण लिहिताना नुसते 'नवी मुंबई' लिहू नये. 'नेरूळ, धारण तलावाचा पूर्वेकडचा बांध' असे लिहावे. फूल ओळखता आले नाही तर त्याचा वेगळा फोटो घ्यावा. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर नोंद टाकताना तिन्ही फोटो एकाच नोंदीत जोडावेत आणि यंत्राने सुचवलेले पहिले नाव तपासल्याशिवाय स्वीकारू नये, कारण ते सुचवणारे यंत्र रंगावर भाळते आणि पंखावरची दरी त्याला आपल्याइतकी दिसतेच असे नाही. गच्चीत किंवा खिडकीत मेलेली माशी सापडली, तर ती कागदाच्या पुडीत तारीख-ठिकाण लिहून कोरडी जपून ठेवावी. पुण्यातल्या भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी कधी तज्ज्ञाला दाखवण्याची संधी मिळाली, तर अशा चिठ्ठीसकट ठेवलेल्या सुक्या माशीवरून जातीचे नाव पक्के होऊ शकते. चिठ्ठी नसेल, तर तिला एखाद्या छायाचित्राइतकेही मोल राहत नाही.